दांडी काढली म्हणून ब्रिज फिक्स होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी वाद्ये विकत घेताना काय पाहावे, यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला मजकूर वाचला. पेटी आणि तबल्याबद्दल लिहिलेले पटले. इलेक्ट्रिक गिटारच्या परिच्छेदातला एक सल्ला मात्र दुरुस्त करायला हवा. ‘ट्रेमोलोची गिटार घ्यावी, दांडी नको वाटली तर काढून ठेवावी, म्हणजे तीच फिक्स्ड ब्रिजची होते,’ असे त्यात म्हटले आहे. (ट्रेमोलो म्हणजे ब्रिजला लावलेल्या दांडीने तारांचा सूर खालीवर करायची सोय.) जुन्या गिटारी विकणारेही हेच ऐकवतात, ‘एकात दोन्ही मिळतंय की!’ कॉलेज सुरू होताना पहिली गिटार शोधणारी मुले याच वाक्यावर सौदा करतात आणि महिन्याभरात ‘ही गिटार सुरात राहतच नाही’ म्हणून ती पुन्हा विकायला काढतात. दोष गिटारचा असतोच असे नाही.

सतार-तंबोऱ्याला जी घोडी, तोच गिटारचा ब्रिज. फिक्स्ड प्रकारात तो लाकडाला पक्का असतो. फेंडरच्या टेलिकास्टरमध्ये (ती १९५० मध्ये दुसऱ्या नावाने आली, टेलिकास्टर हे नाव १९५१ चे) ब्रिजची पत्र्याची पट्टी थेट बॉडीवर स्क्रूने बसवलेली असते आणि तारा पाठीमागून बॉडीच्या आरपार येतात. गिब्सनच्या लेस पॉलवर १९५४ पासून जो ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आला, तो दोन खांबांवर उभा असतो आणि तारा त्याच्या मागच्या आडव्या दांड्यात अडकवलेल्या असतात. दोन्हींत तार कितीही खेचा, ब्रिज जागचा हलत नाही.

त्याच १९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरचे गणित वेगळे. तिथे ब्रिजची पट्टी फक्त पुढच्या कडेवर टेकलेली असते, मागची बाजू मोकळी. पट्टीखाली धातूचा जाड ठोकळा असतो, तो बॉडीतून आरपार जाऊन पाठीमागच्या खाचेत उतरतो आणि तिथे त्याला तीन ते पाच स्प्रिंगा ओढून धरतात. नऊच्या सेटच्या, म्हणजे ००९ ते ०४२ जाडीच्या सहा तारा नेहमीच्या ट्यूनिंगला लावल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारण ३८-३९ किलो होतो. हा ताण ब्रिजला पुढे झुकवतो, स्प्रिंगा त्याला मागे खेचतात. हा तराजूचा काटा आहे. दांडी म्हणजे त्या काट्याला हात घालायची सोय. हात काढला म्हणून काटा स्थिर होत नाही.

(नावाचाही घोळच आहे. दांडीने सूर खालीवर होतो, त्याला इंग्रजीत खरे तर व्हायब्रॅटो म्हणतात. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणे. लिओ फेंडर यांनी पेटंटमध्येच ट्रेमोलो लिहिले आणि आपल्या ॲम्प्लिफायरमधल्या खऱ्या ट्रेमोलोला व्हायब्रॅटो म्हटले. आता जगभर तेच रूढ आहे, तेव्हा इथेही तसेच चालवू.)

या तराजूमुळे रोज काय घडते ते पाहा. ब्रिज हवेत तरंगता असेल आणि वाजवताना एक तार तुटली, तर ताण कमी होतो, स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. गाणे तिथेच थांबते. फिक्स्ड ब्रिजवर तुटलेली तार सोडून बाकीच्या पाच सुरात राहतात, कार्यक्रम पुढे नेता येतो. मींडेसाठी तिसरी तार एक स्वर ओढली की तरंगत्या ब्रिजवर बाकीच्या तारा उतरतात. सोबत दुसरी तार वाजत असेल तर ती बेसूर ऐकू येते. गायकाच्या पट्टीसाठी अख्खी गिटार अर्धा सूर उतरवायची म्हटले तर एकूण ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. ब्रिज मागे झुकतो, ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासूनची (पडद्यांपासूनची) तारांची उंची, खाली येते, तारा फ्रेटवर खरखरतात आणि मागचे झाकण उघडून स्प्रिंगा ढिल्या कराव्या लागतात. नऊऐवजी दहाचा सेट घातला (०१० ते ०४६, ताण सुमारे ४७ किलो) की उलट प्रकार. ऑर्केस्ट्रात किंवा भावगीतांच्या साथीला बसणाऱ्याला एका संध्याकाळी दोन पट्ट्या सांभाळायच्या असतात. त्याने तरंगता ट्रेमोलो घेणे म्हणजे विकतचे दुखणे.

नुसती सहावी तार एक स्वर उतरवायची झाली, ज्याला ड्रॉप डी म्हणतात, तरी तेच. फिक्स्डवर पाच सेकंदांचे काम. तरंगत्या ब्रिजवर सहावी उतरवली की बाकीच्या पाच चढतात, त्या उतरवल्या की सहावी पुन्हा हलते. असे तीन-चार फेरे होतात.

म्हणून पहिली गिटार जुनी घेणाऱ्याला आमचा सल्ला उलटा आहे. दांडी वाजवायचीच आहे असे ठाम माहीत नसेल, तर फिक्स्ड ब्रिज शोधावा. बजेट कमी असेल तर हे आणखी कडकपणे पाळावे, कारण स्वस्त गिटारीत कंपनी सगळ्यात जास्त काटकसर ट्रेमोलोच्या धातूतच करते.

आता ओळखायचे कसे? जाहिरातीतल्या फोटोत दांडी दिसत नाही म्हणून ब्रिज फिक्स्ड समजू नये. दांड्या हरवतात. पाठीमागचा फोटो मागवावा. मागे आयताकृती प्लॅस्टिकचे झाकण किंवा उघडी खाच दिसली की ट्रेमोलो. तारांची सहा भोके रांगेत दिसली, किंवा तिथे काहीच नसले, तर बहुधा फिक्स्ड. फेंडरच्याच स्वस्त स्क्वायर ब्रँडच्या बुलेट मालिकेत दोन्ही प्रकार आलेले आहेत, तेव्हा नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नये. उघडी खाच दिसली म्हणून घाबरायचे कारण नाही. तार घालायला सोपे जाते म्हणून बरेच वादक झाकण काढूनच ठेवतात.

ट्रेमोलोची गिटार बघायला जाताना खिशात मोबाइलवरचा ट्यूनर, छोटा स्क्रू ड्रायव्हर, एक चुंबक आणि मिलिमीटरच्या खुणांची पट्टी असावी. विकणाऱ्याला दांडी काढून लावायला सांगावी. दांडी नसेल तर ‘कुठेही मिळते’ या उत्तरावर जाऊ नये. अमेरिकी आणि आशियाई ब्रिजच्या आट्या वेगळ्या असतात, आशियाईतही ५ आणि ६ मिमी असे दोन प्रकार आहेत, आणि जबरदस्तीने फिरवलेली चुकीची दांडी ठोकळ्यातली आटी खाऊन टाकते. त्याहून वाईट म्हणजे जुन्या दांडीचा तुकडा मोडून भोकातच अडकलेला असतो. टॉर्च मारून भोकात बघावे.

मग खरी परीक्षा. गिटार सुरात लावावी. दांडी पूर्ण खाली दाबून तारा लोळवाव्यात, सोडावी आणि सहाही तारा ट्यूनरवर पाहाव्यात. एखाददुसरीच तार चढून परत आली, तर ती नटच्या (गिटारच्या डोक्यापाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. दाबताना ढिली झालेली तार नटवरून खुंटीकडे सरकते आणि परत येताना तिथेच अडते. खुंटी फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येतो तो याच अडकण्याचा. हा दोष किरकोळ आहे. खाच साफ करून त्यात शिसपेन्सिलीची पूड भरली की बहुतेक वेळा भागते, नाही तर नट बदलावा लागतो. सहाही तारा सारख्याच चढल्या किंवा उतरल्या, तर मात्र नटचा संबंध नाही. ब्रिज आपल्या मूळ जागी परत येत नाही, म्हणजे तो जिथे टेकतो तिथे बिघाड आहे. तो महागात जातो.

ही टेकण्याची जागा जवळून पाहावी. दोन खांबांवरच्या ट्रेमोलो ब्रिजला सुरीच्या पात्यासारखी धार असते. ती बोथट झालेली किंवा तिला खाच पडलेली दिसली तर ब्रिज बदलावाच लागेल. तारा ताणलेल्या असतानाच खांब फिरवून ॲक्शन वरखाली केली की ही धार खराब होते, आणि नवशिके नेमके तेच करतात. खांब पुढे कलले आहेत का, त्यांच्या बुडाशी रंगाला चीर गेली आहे का, तेही पाहावे. सहा स्क्रूंच्या जुन्या पद्धतीच्या ब्रिजमध्ये ओळखीचा घोटाळा असा की कुणीतरी सहाही स्क्रू आवळून टाकलेले असतात. मग पट्टी झुकू शकत नाही, वाकते. भार बाहेरच्या दोन स्क्रूंवर असावा, मधले चार जरा वर उचललेले असावेत. स्क्रू सरळ असतील तर हे पाच मिनिटांत सुधारते.

पट्टीच्या मागच्या कडेखालची फट मोजावी. स्ट्रॅटसाठी (स्ट्रॅटोकास्टरसाठी) फेंडरचे माप एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिमीच्या थोडे वर. पाच-सहा मिमी असेल तर तारांच्या मानाने स्प्रिंगा ढिल्या आहेत. हा बिघाड नाही, पण किंमत पाडायला चांगले कारण आहे.

नंतर मागचे झाकण काढायला सांगावे. न काढू देणाऱ्याकडून गिटार घेऊ नये. आत स्प्रिंगा किती, त्या अडकवलेली लोखंडी पट्टी सरळ आहे का, तिचे दोन लांब स्क्रू गंजले आहेत का, हे पाहायचे. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे स्क्रू लाकडातच गंजून बसतात आणि फिरवायला गेले की डोके तुटून हातात येते. तसे दिसले तर तारा ढिल्या करून, गंज सोडवणाऱ्या तेलाचा एखादा थेंब टाकून रात्रभर ठेवल्याशिवाय हात लावू नये. याच पट्टीला अर्थिंगची तार झाळलेली असते. ॲम्पला जोडल्यावर येणारा घूं आवाज तारांना बोट लावताच कमी झाला तर ती शाबूत आहे. वाढला किंवा तसाच राहिला तर झाळ सुटली असण्याची शक्यता मोठी. चुंबक ठोकळ्याला लावावा. चिकटला तर ठोकळा पोलादाचा. नाही चिकटला तर पितळेचा असेल, पण स्वस्त गिटारीत तो जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा धरून चालावे. आट्या झिजतात त्या अशाच ठोकळ्यात.

‘ब्रिज बदलून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी आधी माप घ्यावे. सहाव्या आणि पहिल्या तारेमधले अंतर बऱ्याच आशियाई ब्रिजवर ५२ मिमीच्या आसपास, तर जुन्या अमेरिकी पद्धतीत ५६ मिमीच्या आसपास असते. स्क्रूंची भोके जुळत नाहीत. शिवाय स्वस्त गिटारींची बॉडी पातळ असते, त्यामुळे पूर्ण लांबीचा पोलादी ठोकळा मागून बाहेर डोकावतो.

फ्लॉइड रोझ हा ट्रेमोलोचा प्रकार आणखी पुढचा. त्याचे पेटंट १९७९ चे. यात तारा नटपाशीही आवळतात आणि ब्रिजमध्येही, म्हणून कितीही झटके मारले तरी सूर टिकतो. नट आवळल्यावर खुंट्या निकामी होतात, मग बारीक सूर ब्रिजवरच्या छोट्या स्क्रूंनी लावायचा. तंबोऱ्याला मणी सरकवतो, तसेच ते काम. एडी व्हॅन हेलन यांचे वादन ज्याला जमवायचे आहे त्याला याशिवाय गत्यंतर नाही. पण जुन्या बाजारात सावध राहावे. अस्सल फ्लॉइड रोझची धार कडक पोलादाची असते. परवान्याखाली बनलेल्या स्वस्त ब्रिजचा धातू पुष्कळदा मऊ असतो आणि दोन-चार वर्षांच्या दणक्यानंतर धार गेलेली सापडते. नटवरच्या तिन्ही चिमट्या आणि त्यांचे स्क्रू जागेवर आहेत का, ॲलन की फिरून फिरून स्क्रूंची भोके गोल झाली आहेत का, हे बघावे. ३ आणि २.५ मिमीच्या ॲलन की लागतात. तार बदलताना तिच्या टोकाचा गोळा पक्कडने कापावा लागतो. तारा एकेक करून बदलाव्यात. सगळ्या एकदम काढायच्या असतील तर ब्रिजखाली लाकडाचा तुकडा सरकवून मग काढाव्यात.

फिक्स्ड ब्रिजही डोळे झाकून घेऊ नये, पण तिथले दोष कमी आणि उघड असतात. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज वर्षानुवर्षांच्या दाबाने मधोमध खचतो, मग तिसरी-चौथी तार खाली बसून खरखरते. ब्रिजच्या खालच्या कडेशी सरळ पट्टी धरली की कळते. त्याचे खांब नेककडे कलले नाहीत ना, तेही पाहावे. तारा काढल्यावर हा ब्रिज सुटून हातात येतो. तो मोडलेला नसतो, पण पुन्हा बसवताना उलटा बसवलेल्या गिटारी पुष्कळ दिसतात. लेस पॉलच्या घराण्यातल्या गिटारींचे डोके मागे झुकलेले असते, त्यामुळे पडली की नटच्या मागे तडा जातो. तिथे रंगात केसाएवढी रेघ दिसली तरी टॉर्च तिरका धरून खात्री करावी. टेलिकास्टरच्या जुन्या पद्धतीत सहा तारांना तीनच सॅडल (ब्रिजवर तार जिथे टेकते तो सरकवता येणारा तुकडा) असतात, एका सॅडलवर दोन तारा. बाराव्या फ्रेटवरचा सूर सहाही तारांवर तंतोतंत जुळणार नाही. ती तडजोड त्या रचनेतच आहे, बिघाड समजू नये.

सॅडल सरकवायला जागा उरली आहे का, हे दोन्ही प्रकारांत तपासावे. बाराव्या फ्रेटवर हलके बोट ठेवून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्यायचे, उतरता असेल तर पुढे. सॅडल आधीच टोकाला असूनही सूर चढाच राहत असेल आणि तारा नव्या असतील, तर ती गिटार तिथेच ठेवून यावे. जुन्या गंजक्या तारांवर ही परीक्षा करण्यात अर्थ नाही. नवा सेट सोबत न्यावा आणि विकणाऱ्याच्या परवानगीने चढवावा. फार तर सेट त्यालाच राहील.

नेकबद्दल थोडक्यात. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबावा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे पाव मिमीच्या आसपास फट असावी. पावसाळ्यात ती थोडी बदलते, ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळईने) सुधारते. ट्रस रॉडच फिरत नसेल तर ब्रिज कोणता या चर्चेला अर्थ उरत नाही.

आता मूळ मुद्दा. स्ट्रॅटचा आवाज आवडतो, हार्डटेल (फिक्स्ड ब्रिजची स्ट्रॅट) सापडत नाही आणि समोर ट्रेमोलोची गिटार स्वस्तात आहे, असे होतेच. ती घ्यावी, पण फिक्स्ड करायची तर दांडी काढण्याने नव्हे, ठोकळा अडवून. तारा ढिल्या करून पाचही स्प्रिंगा लावाव्यात. स्प्रिंगा अडकवलेल्या लोखंडी पट्टीचे दोन्ही स्क्रू आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळत जावे. तारा पुन्हा सुरात लावून पाहावे. ब्रिजची पट्टी बॉडीला पूर्ण टेकेपर्यंत हे करायचे. मग तिसरी तार एक स्वर ओढून बघावी, पट्टी उचलली जाता कामा नये. एवढ्यावरही तार तुटली तरी बाकीच्या जवळजवळ सुरात राहतात, आणि दांडी खाली दाबण्यापुरती वापरताही येते. पूर्ण बंद करायचे असेल तर ठोकळा आणि खाचेची बुडाकडची भिंत (पट्ट्याची खुंटी असते ती बाजू) यांच्यामध्ये सागवानाचा घट्ट बसणारा तुकडा सरकवावा. गोंद लावू नये. सैल वाटला तर कागदाची घडी पुरते. पॅकिंग खोक्याचे मऊ लाकूड दबते, ते नको. एरिक क्लॅप्टन यांनी आपल्या स्ट्रॅट अशाच लाकडाचा तुकडा घालून वर्षानुवर्षे वाजवल्या आहेत, तेव्हा यात कमीपणा नाही. फ्लॉइड रोझ बॉडीत खोल बसवलेला असेल तर पट्टी टेकायला आधार नसतो, तिथे ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना तुकडे घालावे लागतात.

सॅडल बॉडीच्या जवळ आले की तारा खाली बसतात आणि खरखरतात, म्हणून हे सगळे झाल्यावर सॅडलचे छोटे ॲलन स्क्रू फिरवून उंची पुन्हा लावावी. बाराव्या फ्रेटवर १.६ मिमीपासून सुरुवात करावी. हे स्क्रू घामाने गंजून बसलेले असतील तर तेही सौदा ठरण्याआधीच फिरवून पाहावेत, कारण सहा सॅडलचा सेट बदलायचा झाला तर मघाशी सांगितलेले ५२ आणि ५६ चे माप पुन्हा आडवे येते.

आपले,
गिटारदुरुस्ती आणि शिकवणीच्या कामातले दोन वाचक,
पुणे